प्रभाग महिलेसाठी सुटला की तुम्ही कुणाला विचारता?

प्रति,
कोल्हापुरातल्या तालमी आणि तरुण मंडळांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि कट्ट्यावरची जाणती मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर राजकीय पक्षांना लिहायला पाहिजे, असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणारच. पण पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म कुठूनही येवो, पेठेतलं नाव पेठेतच ठरतं हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. आधी कट्ट्यावर चहाच्या दोन-तीन फेऱ्या होतात. याचा गट केवढा, त्याचे पाहुणे-रावळे किती, मागच्या वेळचा कुणाचा पैरा फेडायचा राहिलाय, हे सगळं तिथं निघतं. मग जोडण्या लागतात आणि नेत्याच्या बंगल्यावर गाड्या जातात. नेता तुमच्याकडून आलेल्या नावावर शिक्का मारतो. म्हणून पत्र तुम्हाला.

मी पेठेतच वाढले आणि पेठेतच नांदते. शाळेत शिकवते, त्यामुळं निवडणुकीची ड्युटी चुकलेली नाही. केंद्रात टेबलामागं बसून बोटाला शाई लावताना माणसं जवळून दिसतात, आणि बाहेर कट्ट्यावर त्यांच्याविषयी काय बोललं जातं तेही कानावर येतं. त्यातलं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला उत्तर द्यायचंच ठरवलं: "आमचं काही नाही ओ, आम्ही बाईला उभं करायला तयार आहे. पण लोक बाईला मत देत नाहीत."

खरंच देत नाहीत का, ते बघू.

आपल्या महापालिकेची २०१५ ची निवडणूक घ्या. राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा आहेत. त्या हिशेबानं ८१ पैकी ४१ जागा महिलांच्या होत्या, आणि त्या भरल्या. म्हणजे लोकांनी बायकांना मतं दिली. यावर तुमचं उत्तर तयार असतं: "तिथं दुसरा पर्यायच नव्हता." बरोबर आहे. राखीव जागेवर सगळ्याच उमेदवार बायका असतात, म्हणजे मतदाराला निवड करायची असते ती गटातटात. त्यामुळं बाई म्हणून त्यानं तिला स्वीकारलं की नाही, हे राखीव जागेवर कळतच नाही. ते कळतं खुल्या जागेवर. आणि खुल्या जागेवर तुम्ही बाईचं नाव पुढं करत नाही. पहिलवानाला आखाड्यात उतरूच द्यायचं नाही आणि वर हा कुस्ती हरतो म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

सर्वसाधारण जागेवर बाईनं उभं राहू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण आपल्याकडं ती जागा पुरुषांची समजली जाते. "अर्धं तर त्यांना दिलंय, आता उरलेल्यातही वाटा?" हेही मी ऐकलंय, आणि बोलणारा माणूस अगदी सज्जन होता.

आरक्षण नाही तिथं काय होतं ते जिल्ह्यात बघा. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यानं विधानसभेवर दहा आमदार पाठवले, दहाही पुरुष. त्याच वर्षी लोकसभेवर दोन खासदार गेले, तेही पुरुष. आणि मतदानात आपला जिल्हा राज्यात पुढं, ७६ टक्क्यांच्या वर. अख्ख्या राज्याचं चित्रही फार वेगळं नाही. चार हजारांवर उमेदवारांत बायका ३६३, आणि २८८ जणांच्या सभागृहात पोहोचल्या २१. मतदान करायला मात्र बायका मागं नाहीत. राज्यात पुरुषांचं मतदान ६७ टक्क्यांच्या जवळ गेलं, बायकांचं ६५ च्या वर. लाडकी बहीण योजना आली, महिन्याचे दीड हजार खात्यात पडायला लागले, प्रत्येक सभेत पहिल्या रांगा बहिणींच्या. स्टेजवर मात्र सगळे भाऊच.

आता मतदाराच्या मनाकडं येते, कारण दोष एकट्या कट्ट्याचा नाही. मतदार बाईला आणि बाप्याला एकाच तराजूत तोलत नाही, हे मी मान्य करते. बाप्या उमेदवार दारात आला की लोक विचारतात, कुठल्या गटाचा, काम काय केलंय, गटारीचं काय करणार. बाई आली की पहिला प्रश्न: "मालक काय करतात?" दुसरा: "पोरं लहान आहेत, घराकडं कोण बघणार?" दाराआडून बघणाऱ्या आजी तर पदर, टिकली, मंगळसूत्र सगळं तपासून घेतात. बाई तावातावानं बोलली तर आगाऊ, हळू बोलली तर हिच्यानं काय होणार. बायका बायकांना मत देतात हाही गैरसमज आहे. माझ्याच गल्लीतल्या तिघी-चौघींनी मला सरळ सांगितलंय की आपल्याला कामाला बाप्याच बरा.

त्या असं का म्हणतात? याचं उत्तर रात्रीच्या फोनमध्ये आहे. कोल्हापुरात नगरसेवक म्हणजे सभागृहात अंदाजपत्रकावर बोलणारा माणूस नव्हे. रात्री दीडला छातीत दुखायला लागलं तर सीपीआर रुग्णालयात न्यायला गाडी घेऊन येणारा, पोराला पोलिसांनी उचललं तर ठाण्यात जाऊन बसणारा, घरात कुणी गेलं तर पंचगंगा स्मशानभूमीपर्यंत सगळं हाताळणारा, आणि पाणी चढायला लागलं की सामान माडीवर टाकायला पोरं पाठवणारा. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी बघितलाय, त्यांना हा शेवटचा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. असल्या वेळी बाई कशी येणार, हा मतदाराचा प्रश्न आहे. तो खोटा नाही आणि त्याची चेष्टा मी करणार नाही.

पण रात्री दीडला येतं कोण, हे एकदा नीट बघा. नगरसेवक येतो तो एकटा येतो काय? त्याच्याबरोबर मंडळाची सहा पोरं असतात. गाडी कुणाची तरी, चालवणारा कुणी तरी, रक्त द्यायला तिसराच. महापुरात बायाबापड्यांना बाहेर काढलं ते मंडळांच्या पोरांनी. होळीला स्मशानभूमीसाठी शेणी दान करणारी मंडळं तुमचीच. ही धावून जाण्याची ताकद उमेदवाराच्या मिशीत नसून तुमच्या मंडळात आहे. ती तुम्ही ज्याच्या मागं उभी करता, तो कामाचा माणूस ठरतो. तीच पोरं उद्या एखाद्या नगरसेविकेच्या एका फोनवर निघाली तर मतदाराचा निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. आणि सहज सांगते, प्रमिलाराजेंच्या नावानं असलेल्या त्या सीपीआरमध्ये रात्री दीडला वॉर्डात फिरत असतात त्या बहुतेक सिस्टरच.

मतदाराचं मन असंच राहतं की बदलतं, यावर आपल्या देशात नीट अभ्यास झालाय. मुंबई महापालिकेचा दाखला तर अगदी आपल्यासारखाच आहे. १९९७ साली तिथले काही प्रभाग महिलांसाठी राखीव होते, २००२ ला ते खुले झाले. रिखिल भवनानी या अभ्यासकानं हे प्रभाग आणि आधीही खुलेच असलेले प्रभाग यांची तुलना केली. आधी एकदा राखीव राहिलेल्या प्रभागात, आरक्षण उठल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाच पट निघाली. मतदार तेच, मुंबई तीच. फरक एवढाच की पाच वर्षं बाईला काम करताना लोकांनी बघितलं होतं, आणि बाई निवडून येऊ शकते हे पक्षांनाही कळलं होतं.

दुसरा दाखला पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्याचा. तिथं संशोधकांनी गावकऱ्यांना पुढाऱ्याचं एकच भाषण ऐकवलं, काहींना बाप्याच्या आवाजात, काहींना बाईच्या. ज्या गावांनी बाई सरपंच कधी बघितलीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी लेखलं. जिथं आरक्षणामुळं बाई पदावर बसून गेली होती, तिथं हा दुजाभाव जवळजवळ उरला नव्हता. यातली मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट पुढं आहे. पुढारी कोण आवडेल असं विचारल्यावर ती माणसं तेव्हाही बाप्याचंच नाव घेत होती. आवड बदलली नाही, पण कामाचं माप बदललं. आणि पहिल्यांदा बसलेल्या बाईला गावानं कमीच गुण दिले, तिचं काम पुरुषांच्या तोडीचं असूनसुद्धा. दोन वेळा आरक्षण होऊन गेल्यावर मात्र खुल्या जागेवरही बायका उभ्या राहायला आणि निवडून यायला लागल्या.

म्हणजे मतदाराला बाई कामाची वाटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ती डोळ्यांसमोर असावी लागते. आता आपण तिला किती वेळ देतो ते बघू. २०१५ ते २०२० या काळात आपल्या शहराला अश्विनी रामाणेंपासून निलोफर आजरेकरांपर्यंत एकीपाठोपाठ एक महिला महापौर मिळाल्या. बाहेरच्या माणसाला वाटेल, काय पुरोगामी शहर आहे. पण आपल्याकडची पदांची खांडोळी तुम्हाला वेगळी सांगायला नको. कुणाच्या वाट्याला वर्ष, कुणाच्या वाट्याला काही महिने. खुर्चीत बसून फायली समजेपर्यंत राजीनाम्याचा निरोप. पुरुषांच्या पदांचीही खांडोळी होते, हे खरं. पण पुरुषाला मिरवायला पुढची पाच ठिकाणं असतात. बाईचं तेच पहिलं आणि बहुतेक वेळा तेच शेवटचं. अशा काही महिन्यांत मतदारानं तिचं काय बघायचं आणि काय मोजायचं?

प्रभागातही तीच गत. प्रभागांच्या आरक्षण सोडतीचा दिवस आठवा. शाळेची पोरं चिठ्ठ्या काढतात आणि बाहेर मोबाइलवर बातमी येते, "आपला महिला पडला." दोन वर्षं फ्लेक्स लावून बसलेल्या दादांचं तोंड उतरतं. संध्याकाळपर्यंत स्टेटसला नवा फोटो: दादा तसेच, हात जोडून, आणि शेजारी वहिनी. नावाच्या आधी 'सौ.' आणि खाली फोन नंबर दादांचाच. वहिनींना यात काय वाटतं हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. निवडून आल्यावर सह्या वहिनींच्या, प्रभागात फिरतात दादा. पाच वर्षांनी सोडतीत प्रभाग खुला झाला की वहिनी परत घरात, फ्लेक्सवर पुन्हा एकटे दादा. मग मतदारानं पाच वर्षं बघितली कुणाची? दादांचीच. मुंबईत जे घडलं ते आपल्याकडं घडायला वावच ठेवलेला नाही. जानेवारी २०२६ मधल्या महापालिका निवडणुकीपासून तर चार-चार जणांचे प्रभाग आलेत. पॅनेलमध्ये दोन महिला, आणि पॅनेल ओळखलं जातं ते कुठल्या तरी दादांच्या नावानं.

सगळ्याच वहिनी नावापुरत्या नसतात, हेही लिहिते. काही जणी पहिल्या वर्षी नवऱ्याच्या मागं उभ्या राहतात आणि तिसऱ्या वर्षी सभागृहात अधिकाऱ्याला उभं करून जाब विचारतात. असल्या बाया तुमच्या-माझ्या ओळखीच्या आहेत. नेमकी ती शिकून तयार झाली की आपण तिला घरी बसवतो.

कोल्हापूर उत्तरचं उदाहरण ताजं आहे. आमदार चंद्रकांत जाधव गेल्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये पोटनिवडणूक झाली. त्यांच्या पत्नी जयश्री जाधव उभ्या राहिल्या आणि अठरा हजारांहून जास्त मतांनी आल्या. विधानसभेच्या खुल्या जागेवर, समोर पुरुष उमेदवार असताना, याच शहरानं बाईला निवडून दिलं. तुम्ही म्हणाल, ती सहानुभूती होती. असेल. चंदगडला आमदार बाबासाहेब कुपेकरांच्या मागं त्यांच्या पत्नी संध्यादेवी कुपेकर आल्या, तेव्हाही असंच म्हटलं गेलं. पण २०१४ ला त्या पुन्हा निवडून आल्या, तेव्हा कुठली सहानुभूती होती? निवेदिता माने यांना माने घराण्याचं नाव मिळालं हे खरं, पण इचलकरंजीतून १९९९ आणि २००४ अशा दोन वेळा लोकसभा जिंकायला नुसतं आडनाव पुरत नाही. आडनाव दार उघडून देतं, पुढं चालायचं त्या बाईलाच असतं. पुरुषांनाही आडनावाचा आधार चालतोच की. तेव्हा आपण त्याला वारसा म्हणतो.

उत्तरला २०२४ मध्ये काय झालं, तेही तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय. जी जागा बाईनं राखली, तिथं त्यांच्याच पक्षाची उमेदवारी आधी दुसऱ्याला, मग ती बदलून छत्रपती घराण्यातल्या मधुरिमाराजेंना, मग माघारीच्या शेवटच्या दिवशी त्यांची माघार. तेव्हाच्या आमदार जयश्री जाधव तोवर दुसऱ्या पक्षात गेल्या होत्या. त्यात कुणाचं चुकलं हा माझा विषय नाही. अडीच वर्षं काम केलेल्या बाईला मतदार पुन्हा मत देतो की नाही, हे बघायची संधी मात्र आपल्या शहराला मिळाली नाही.

प्रचाराविषयीही थोडं बोलते. बायकांसाठी प्रचार म्हटलं की तुम्हाला दोनच गोष्टी सुचतात, हळदी-कुंकू आणि पैठणीचा खेळ. संगीतखुर्ची, उखाणे आणि शेवटी लकी ड्रॉ. बाया येतात, हसतात, वाण घेऊन जातात, आणि गटारीचा प्रश्न गटारीतच राहतो. शिवाय हळदी-कुंकवाला विधवा बाईनं यायचं की नाही, याचा विचार कोण करतं? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि साऱ्या राज्यानं दखल घेतली. त्याच्या महिनाभर आधी याच जिल्ह्यानं एका विधवा बाईला आमदार केलं होतं. आणि आपला महिला मेळावा अजून कुंकवाच्या कोयरीपाशीच अडलाय.

पाण्यासाठी जागणारी बाईच असते. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनवर आपण किती निवडणुका लढवल्या? पाणी आलं २०२३ च्या नोव्हेंबरात. त्यावर भाषणं ठोकणारे सगळे पुरुष, आणि नळाला किती वाजता, किती दाबानं पाणी येतं हे पाठ असणाऱ्या सगळ्या बायका. एस्थर डुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय या अभ्यासकांनी बंगाल-राजस्थानातल्या पंचायती तपासल्या तेव्हा त्यांना हेच दिसलं, की बाई प्रमुख असली की पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च होतो. यात त्यागबिग काही नाही. जिला चटका बसतो तिला आठवण राहते.

गावाकडं दुधाचं बघा. पहाटे धार काढायची, शेण काढायचं, किटली संस्थेत पोचवायची, यात बाईचा हात मोठा. पण गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत मतदार कोण? संस्थेनं ज्याच्या नावानं ठराव केला तो. २०२१ ला साडेतीन हजारांवर ठराव होते, त्यात बायकांचे किती ते तुम्हीच मोजा. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा कायद्यानं राखीव, तेवढ्या भरायच्या. शहरातही निराळं काही नाही. तुमच्या मतदार यादीत घरटी खुणा असतात ना, तिथं लिहिलेलं असतं: "पाच मतं," आणि पुढं एकच मोबाइल नंबर, घरातल्या कर्त्याचा. पाचांतली दोन-तीन मतं बायकांची असतात. त्यांना फोन कधी केलाय? केंद्रावर मी बघते, सासू-सुना एका रांगेत येतात, पण आत पडद्यामागं प्रत्येक जण एकटी असते. तिथं काय होतं ते तुमच्या यादीत नसतं.

तर मागणं असं. पुढच्या वेळी प्रभागातली जागा महिला पडली की लगेच "कुणाची बायको" असं सुरू करू नका. आधी गल्लीत कोण काम करतं ते बघा. आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आहेत, बचत गट चालवणाऱ्या आहेत, वकील आहेत, कोरोनात औषधं घरोघर पोचवणाऱ्या पोरी आहेत. त्यांच्यातल्या कुणाला तरी थेट विचारा, तिच्या नवऱ्यामार्फत नको. निवडून आली तर फ्लेक्सवर नंबर तिचा छापा आणि रात्री तिचा फोन आला तर पोरं पाठवा. पाच वर्षांनी ती जागा खुली झाली तर, तिचं काम बरं असेल तर, कट्ट्यावर पहिलं नाव तिचं घ्या. नसेल तर खुशाल पाडा, बाई म्हणून सांभाळून घेऊ नका. आणि महापौरपद बाईकडं आलं तर तिला मुदत पुरी करू द्या.

आणि त्याआधी तुमच्या स्वतःच्या कार्यकारिणीत बायका घ्या. गणपतीला आरतीच्या ताटासाठी आम्ही लागतो, वर्गणीला आमचीच दारं वाजतात, मग हिशेबाच्या वहीत आमची सही का नसावी? तुमची बैठक रात्री साडेदहाला, जेवणं उरकल्यावर, कट्ट्यावर भरते. त्या वेळी कुठली बाई येणार? एखाद्या रविवारी सकाळी अकराला तालमीच्या हॉलमध्ये बैठक ठेवा आणि निरोप कर्त्याच्या नंबरवर न धाडता बायकांच्या नंबरवर धाडा. आमच्या गल्लीतून निदान आठ-दहा जणी येतील, त्यातल्या दोघी तरी बोलणाऱ्या आहेत. चहाची व्यवस्था मात्र तुम्ही करायची.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शिवाजी पेठेतली एक मतदार